सर्पगंधेमुळे उंदीर निपचित का होतो? आणि त्यातून रुग्णांनी काय समजून घ्यावे?

बीपीची गोळी चालू आहे, तरी आकडे खाली येत नाहीत. रात्री झोपही नीट लागत नाही. अशा वेळी एखादा नातेवाईक किंवा मोबाइलवर आलेला एखादा निरोप सर्पगंधेचे नाव सुचवतो. सोबत "झाडपाल्याचे औषध आहे, अपाय काही नाही" हे वाक्यही येते. मग कुणीतरी इंटरनेटवर शोधतो, तर तिथे उलटेच वाचायला मिळते: सर्पगंधेतला एक घटक दिला की प्रयोगशाळेतले उंदीर हालचाल करेनासे होतात, कोपऱ्यात कुबड काढून बसतात, खाणेपिणे सोडतात.

यातले खरे काय मानायचे? दोन्ही गोष्टींत तथ्य आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. सर्पगंधा हे खरोखरच परिणाम करणारे औषध आहे. म्हणूनच ते अपायही करू शकते. उंदरांवरच्या प्रयोगांतून ते शरीरात नेमके काय करते हे कळले. त्या प्रयोगांतून रुग्णाने काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे या लेखात पाहू.

सर्पगंधा ते रेसर्पिन

सर्पगंधा ही भारतात उगवणारी लहान झुडूपवजा वनस्पती आहे. औषधात तिचे मूळ वापरतात. मनोविकारांवर तिचा उपयोग आपल्याकडे फार पूर्वीपासून होत आला आहे. बिहारमध्ये तर ती 'पागल की दवा' याच नावाने ओळखली जात असे.

आधुनिक वैद्यकात तिची नोंद झाली ती १९३१ मध्ये. त्या वर्षी कोलकात्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर ती उपयोगी असल्याचे लिहिले. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य परिणामकारक घटक वेगळा काढला. त्याचे नाव रेसर्पिन. बीपी कमी करणाऱ्या पहिल्या परिणामकारक गोळ्यांपैकी ही एक होती.

सर्पगंधेच्या मुळीत रेसर्पिनशिवाय आणखी कितीतरी अल्कलॉइड असतात. त्यांतल्या आजमलिनचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. म्हणजे सर्पगंधेची पूड घेणे म्हणजे एकच औषध घेणे नव्हे, अनेक औषधांचे मिश्रण घेणे आहे. हे लक्षात असू द्या.

उंदरांमध्ये काय दिसते?

उंदीर हा मुळात चौकस प्राणी. नव्या चौकोनी खोक्यात सोडला की तो कडेकडेने फिरतो, हुंगतो, मागच्या दोन पायांवर उभा राहून पाहतो. त्याने किती अंतर कापले, किती वेळा उभा राहिला, हे प्रकाशकिरणांच्या किंवा कॅमेऱ्याच्या मदतीने मोजता येते. याला 'ओपन फील्ड' चाचणी म्हणतात.

रेसर्पिनचे इंजेक्शन दिल्यावर काही तासांत हे चित्र पालटते. साधारणपणे पुढील बदल दिसतात:

• उंदीर फिरणे जवळपास थांबवतो आणि पाठ वाकवून एका जागी बसतो.
• पापण्या खाली येतात, डोळे अर्धवट मिटतात.
• अंग ताठर होते, शरीराचे तापमान उतरते.
• खाणे कमी होते, जुलाब होतात.
• पुढचे पाय उचलून एका आडव्या दांडीवर ठेवले तर तो तसाच राहतो. निरोगी उंदीर काही सेकंदांत पाय खाली घेतो. रेसर्पिन दिलेला उंदीर अवघडलेल्या अवस्थेत कितीतरी वेळ बसून राहतो.

शेवटच्या लक्षणाला 'कॅटॅलेप्सी' म्हणतात. इथे स्नायूंची ताकद गेलेली नसते. हालचाल सुरू करण्याची यंत्रणाच थंडावलेली असते.

कमी मात्रेची इंजेक्शने दिवसाआड देत राहिली तर हाच परिणाम हळूहळू चढत जातो. सुरुवातीला उंदीर ठीक दिसतो, मग हालचाल मंदावते. काही उंदीर तोंडात काही नसताना चावल्यासारखे जबडे हलवत राहतात. पार्किन्सन्सचा आजार कसा टप्प्याटप्प्याने वाढतो, याचा अभ्यास करण्यासाठी संशोधक ही पद्धत वापरतात.

मेंदूत नेमके काय घडते?

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही रसायने वापरतात. डोपामिन, नॉरॲड्रिनलिन आणि सेरोटोनिन ही त्यांतली तीन महत्त्वाची. ही रसायने पेशीच्या टोकाशी अगदी सूक्ष्म पिशव्यांमध्ये साठवलेली असतात. गरज पडली की पिशवी उघडते आणि रसायन बाहेर पडते.

ही पिशवी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. टाकी भरायला पंप लागतो. रेसर्पिन हा पंपच बंद पाडते. टाकीत नवे पाणी चढत नाही, आधीचे झिरपून जाते आणि बाहेर आलेले रसायन पेशीतले एक विकर लगेच मोडून टाकते. टाक्या रिकाम्या झाल्या की पेशीकडे निरोप द्यायला काही उरत नाही.

बंद पडलेला पंप सहजासहजी पुन्हा चालू होत नाही. पेशीला नवे पंप आणि नव्या पिशव्या तयार कराव्या लागतात. त्यामुळे रेसर्पिन रक्तातून निघून गेल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिकतो. माणसांतही असेच होते. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि औषध थांबवल्यावरही तो लगेच ओसरत नाही.

हीच रसायने मेंदूबाहेरही काम करतात. रक्तवाहिन्या आणि हृदयाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतले नॉरॲड्रिनलिन कमी झाले की रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते आणि बीपी उतरतो. उंदराच्या पापण्या मिटतात आणि माणसाचे नाक चोंदते, त्यामागेही मुख्यतः हेच कारण असते. अपेक्षित परिणाम आणि नकोसा परिणाम एकाच वाटेने येतात. त्यामुळे "फक्त बीपी कमी होईल, बाकी काही होणार नाही" अशी हमी या औषधाबाबत देता येत नाही.

निपचित सशातून निघालेले औषध

स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील अर्व्हिड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ससे आणि लहान उंदीर यांना रेसर्पिन देऊन निपचित केले. मग त्यांना एल-डोपा टोचले. एल-डोपा हा डोपामिन तयार करण्याचा कच्चा माल. थोड्याच वेळात ते प्राणी डोळे उघडून हालचाल करू लागले. सेरोटोनिनचा कच्चा माल दिला तेव्हा असे झाले नाही.

म्हणजे हालचाल थांबण्यामागे मुख्य कारण डोपामिनची कमतरता होते. पुढे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचे आढळले आणि १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचले. आज तुमच्या घरात कुणी पार्किन्सन्ससाठी लेव्होडोपाची गोळी घेत असेल, तर तिच्या इतिहासात सर्पगंधेच्या मुळीचा वाटा आहे. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मग उंदीर 'उदास' झाला होता का?

रेसर्पिनच्या उंदराचा उपयोग नैराश्याच्या संशोधनातही खूप झाला. कोपऱ्यात बसलेला, न खाणारा उंदीर पाहून त्याला नैराश्य आले असावे असे वाटणे साहजिक आहे. नैराश्यावरची काही जुनी औषधे दिल्यावर त्याच्या पापण्या उघडतात आणि तापमान सुधारते, हेही दिसले. नव्या औषधांची पहिली पारख करायला ही पद्धत उपयोगी ठरली.

पण इथे थांबून विचार करायला हवा. चाचणीत मोजतात ती हालचाल. मनात काय चालले आहे हे उंदीर सांगत नाही. पाण्यात सोडलेला उंदीर लवकर हातपाय मारणे सोडतो, याला काही संशोधक 'हताश होणे' म्हणतात. पण ज्याचे अंगच ताठर झाले आहे, तो हताश नसला तरी पोहणार नाही. म्हणून चांगल्या अभ्यासांत एका चाचणीवर विसंबत नाहीत. उदाहरणार्थ, साधे पाणी आणि साखरेचे पाणी अशा दोन बाटल्या ठेवतात. गोडाची आवड टिकून आहे का, हे त्यातून कळते आणि त्यासाठी फार धावपळही लागत नाही.

माणसांतले चित्रही सरळ नाही. १९५० च्या दशकात रेसर्पिन मोठ्या मात्रेत दिले जात असे. तेव्हा काही रुग्णांना तीव्र नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. त्याच काळात, १९५५ मध्ये, लंडनमधील डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि उदासीनता असलेल्या रुग्णांवर नियंत्रित चाचणी केली, तर त्यांत रेसर्पिनने काहींना बरे वाटल्याचे दिसले. म्हणजे 'रेसर्पिनमुळे प्रत्येकाला नैराश्य येते' हे बरोबर नाही. पण ज्यांना पूर्वी नैराश्य आले आहे त्यांनी हे औषध टाळावे, ही खबरदारी आजही पाळली जाते. याच पंपावर काम करणारे टेट्राबेनाझिन हे औषध हंटिंग्टनच्या आजारातील अनैच्छिक हालचालींसाठी देतात, त्याच्या माहितीपत्रकातही नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल ठळक इशारा असतो.

मात्रेचे गणित

उंदरांबद्दलची कोणतीही बातमी वाचताना पहिला प्रश्न विचारा: किती दिले?

प्रयोगात उंदराला अनेकदा वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त रेसर्पिन देतात. २५० ग्रॅमच्या उंदराला असे दिले तर त्याला ०.२५ मिलिग्रॅम मिळते. माणसासाठी बीपीवर दिवसाला साधारण एवढीच मात्रा कमाल मानतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाची दिवसभराची मात्रा पाव किलोच्या उंदराला एकाच इंजेक्शनात दिली जाते.

वजनाच्या हिशेबाने ही मात्रा माणसाच्या २४० पट होते. लहान प्राण्यांचे शरीर औषध वेगाने वापरते. त्यामुळे तुलना करताना उंदराची मात्रा साधारण ६ ने भागतात. तरीही ती माणसाच्या सुमारे ४० पट उरते. शिवाय उंदराला इंजेक्शन असते आणि माणसाला पोटात घ्यायची गोळी.

म्हणून 'उंदीर निपचित पडला, आता मीही पडणार' असा निष्कर्ष काढू नका. पण 'एवढी मोठी मात्रा मी थोडीच घेतो' असे म्हणून निर्धास्तही राहू नका. दिवसाआड दिलेल्या कमी मात्रेच्या प्रयोगांत दर किलोला ०.१ मिलिग्रॅम देतात. तोच हिशेब केला तर ती माणसाच्या कमाल मात्रेच्या सुमारे ४ पटच भरते. आणि मुळीच्या पुडीत रेसर्पिन किती आहे हे घेणाऱ्याला माहीत नसते. जमीन, हंगाम, मुळीचे वय आणि ती कशी वाळवली यांवर ते प्रमाण बदलते. 'अर्धा चमचा' हे माप या औषधाला पुरत नाही.

माणसांत फायदा आणि त्रास

रेसर्पिन बीपी कमी करते, याबद्दल शंका नाही. चार नियंत्रित चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर वरचा बीपी साधारण ८ अंकांनी उतरल्याचे आढळले. पण आज अधिक सुरक्षित आणि जास्त अभ्यासलेली औषधे उपलब्ध असल्याने ते पहिल्या पसंतीचे राहिलेले नाही.

सर्पगंधा किंवा रेसर्पिन घेताना पुढील त्रास होऊ शकतात:

• नाक सतत चोंदणे
• सुस्ती, दिवसा झोप येणे, भयानक स्वप्ने पडणे
• नाडी मंदावणे, उठताना चक्कर येणे
• आम्लपित्त, जठरातील व्रण वाढणे, जुलाब
• लैंगिक इच्छा कमी होणे
• हातांना कंप, अंग ताठरणे, चाल मंदावणे
• मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे

घरच्यांनी शेवटच्या दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. आजोबा 'वयामुळे' हळू झाले आहेत, आई 'उगाचच' गप्प राहते, असे वाटत असेल तर त्या आधी कोणते नवे औषध, काढा किंवा चूर्ण सुरू झाले होते, ते आठवून पाहा. परिणाम आठवडे उलटल्यावर दिसत असल्याने औषधाशी त्याचा संबंध सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

कुणी सर्पगंधा टाळावी?

• नैराश्य असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले रुग्ण
• पार्किन्सन्सचे रुग्ण (लेव्होडोपाचा परिणामही कमी होतो)
• जठरातील व्रण किंवा मोठ्या आतड्यातील व्रणयुक्त दाह असलेले
• गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया. बाळाला सुस्ती येणे, नाक चोंदून दूध पिता न येणे असे त्रास होऊ शकतात.
• ज्यांना विजेच्या झटक्यांचे उपचार (ईसीटी) चालू आहेत किंवा ठरले आहेत

बीपीच्या इतर गोळ्या, डिगॉक्सिन, नैराश्यावरची काही औषधे, मनोविकारांवरची औषधे, झोपेच्या गोळ्या आणि दारू यांच्याबरोबर सर्पगंधेचा परिणाम धोकादायक पद्धतीने बदलू शकतो.

तुम्ही आधीच घेत असाल तर?

१. स्वतःहून अचानक बंद करू नका, मात्राही वाढवू नका. बंद केल्यावर बीपी पुन्हा वाढू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बदल करा.

२. डॉक्टर आणि वैद्य या दोघांनाही सगळी औषधे सांगा. शक्य असल्यास डबीच घेऊन जा. घटकांच्या यादीत सर्पगंधा किंवा राउवोल्फिया हे नाव शोधा. काही पाठांमध्ये तिच्यासोबत खुरासनी ओव्यासारखी झोप आणणारी द्रव्येही असतात.

३. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. भूल देताना बीपी फार उतरण्याचा धोका असतो. आठवड्यापूर्वी बंद केले असेल तरीही सांगा.

४. घरी बीपी आणि नाडी नोंदवा. बीपी बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजा.

५. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा किंवा टेली-मानस या शासकीय हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. घरच्यांनी रुग्णाला एकटे सोडू नये.

पुढची बातमी वाचताना

हळदीतला, ब्राह्मीतला किंवा आणखी कुठल्या वनस्पतीतला घटक देऊन उंदीर 'शांत', 'तरतरीत' किंवा 'आनंदी' झाले, अशा बातम्या तुम्हाला पुढेही दिसतील. तेव्हा चार प्रश्न विचारा. उंदराला मात्रा किती दिली? तोंडाने की इंजेक्शनने? नेमके काय मोजले, हालचाल की आणखी काही? आणि माणसांवर चाचणी झाली आहे का?

शांत बसलेला उंदीर निवांत असेल, गुंगीत असेल, आजारी असेल किंवा त्याला हालचालच करता येत नसेल. बाहेरून चारही सारखेच दिसतात. रेसर्पिनच्या बाबतीत हा फरक उलगडायला संशोधकांना कित्येक वर्षे लागली. एका बातमीवरून घरच्या घरी औषध सुरू करण्याइतकी माहिती आपल्या हाती सहसा नसते. सर्पगंधा औषध आहे. तिला औषधाचाच मान द्या: निदान झाल्यावर, मोजून, आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या उपचारांबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.)